चार नंबरची शिंगं

भिंत लख्ख होती.

मी पट्टी आणि वही कुंडाच्या पायरीवर ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. लख्खच होती. कातळ घासून घासून आतला राखी रंग वर आला होता आणि फटीफटींतून टीसीएलच्या ब्लीचिंग पावडरीचे पांढरे ओघळ सुकले होते. पाथरवटाकडून कोरून घेतलेल्या एक ते सात खुणा तेवढ्या जागच्या जागी होत्या. त्यांच्याभोवती तीस वर्षं जे वाढत आलं होतं, त्यातलं नखाएवढंही शिल्लक नव्हतं.

"सर, कसं झालंय वो?" वरच्या पायरीवरून हौसाक्का विचारत होती.

हौसाक्का म्हणजे खडकेवाडीच्या बचत गटाची म्होरकी. चाळिशीची, हाडापेरानं मजबूत, तोंडानं फटकळ. तिचा आवाज इतका खूश होता की माझ्या तोंडून आपोआप "छान" निघून गेलं.

"चार दिस मोडलं सात बायकांचं," ती म्हणाली. "तारंच्या ब्रशानं भागंना. मग नारळाची शेंडी घेतली, ग्रामपंचायतीतनं टीसीएल आणली. पायऱ्या, भित, कसलं बुळबुळीत हुतं सगळं! बाई शेवटच्या येनार म्हणून तुमचं कार्ड आलं. म्हटलं, वय झालेलं मानूस, पाय घसरून पडल्या तर गावाची काय आब्रू ऱ्हाईल?"

"आणि तात्या काही बोलले नाहीत?"

"तात्या चैतातच गेलं की वो." तिनं पदर सारखा केला. "तुमास्नी कळवाय पायजे हुतं. ऱ्हाऊनच गेलं."

तात्या तिचे सासरे. तीस वर्षं या कुंडाचे बिनपगारी राखणदार. म्हशी आत येऊ द्यायचे नाहीत आणि धुणं घेऊन आलेल्या बायकांना "त्या भितीला हात लावू नगा, कॉलेजची हाय" म्हणून ओरडायचे. बाईंची रीत अशी, की श्रावणात या भिंतीवरची वाढ मोजायच्या पंधरा दिवस आधी कुणीतरी इथं यायचं, तात्यांच्या ओसरीवर बसून चहा प्यायचा आणि "यंदाही सांभाळा" म्हणून सांगून जायचं. गेली पाच वर्षं ते काम माझ्याकडे होतं. त्या वर्षी मी आलो नाही. दमलो होतो हो. कॉलेजात तपासणी समिती येणार होती आणि मी पोरांना हाताशी धरून आमच्याच विभागाच्या मागच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडून चुना लावत होतो. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक! पाहुणे येणार म्हटलं की आपण सगळे हेच करतो. खडकेवाडीला मी एक कार्ड टाकलं: रविवारी येतो, बाई निवृत्त झाल्या, ही त्यांची शेवटची खेप. एवढंच.

या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. मला अजून राग येतो. कुणाचा, ते विचारू नका.

बाई त्या वेळी वर हौसाक्काच्या ओसरीवर चहा पीत बसल्या होत्या. "तू पुढं जाऊन पट्टी लाव, मी येते," असं सांगून त्यांनी मला खाली पाठवलं होतं. म्हणजे माझ्या हातात फार तर दहा मिनिटं होती.

बाई म्हणजे डॉ. कुमुद हेरवाडकर. मला त्यांनीच शिकवलं आणि पुढे आपल्याच विभागात ओढून घेतलं. वनस्पती पाण्यातून जमिनीवर कशा आल्या, हा धडा त्या फळ्यावर कधी शिकवत नसत. अख्खा वर्ग एसटीत घालून खडकेवाडीला आणत, या कुंडाच्या पायऱ्यांवर बसवत आणि छडीनं भिंत दाखवत खालून वर जात. तळाला पाण्यात शेवाळाचे हिरवे केस. पाण्याच्या कडेला बुळबुळीत थर. त्याच्या वर रिक्सिया आणि मार्केन्शिया, चपट्या, दगडाला पोट लावून पडलेल्या. मग मॉसचा मखमली पट्टा. आणि अगदी वर फटीतून डोकावणारे नेचे. त्यांना खरी मुळं, पाणी वर चढवायला खरे नळ. "पंचेचाळीस कोटी वर्षं," बाई म्हणायच्या, "माझ्या चार हातांत बसवून दाखवते." आणि लगेच दटावायच्या, "पण ही आपली पणजी आहे असं परीक्षेत लिहिणाऱ्याला भोपळा मिळेल. पणजी केव्हाच गेली. ही पणजीच्या वळणावर गेलेली चुलत नात."

कुंडावर कातळाचं छत होतं, त्यामुळे पाऊस भिंतीला लागत नसे. गोमुखातून धार पडायची, तिचे शिंतोडे जिथवर उडत तिथवर हिरवं. चार नंबरच्या खुणेशी मात्र शिंतोडे पोचत नव्हते. तिथला दगड बारा महिने कोरडा. आणि त्या कोरड्या दगडावर दोन वर्षांपूर्वी अँथॉसिरॉस उगवलं होतं. टिकलीएवढं चपटं रोप आणि त्यातून उभी राहिलेली सुईसारखी हिरवी शिंगं. त्या शिंगांना श्वासाची भोकं असतात, मोठ्या झाडांच्या पानांना असतात तशीच. पहिल्या वर्षी पाच शिंगं मोजली, दुसऱ्या वर्षी आठ. बाई लहान मुलीसारख्या हरखल्या होत्या.

"एक वर्ष म्हणजे अपघात," त्या म्हणाल्या होत्या. "दोन वर्षं म्हणजे योगायोग. तिसऱ्या वर्षी आलं, तर मी लिहिणार."

तीस वर्षांत त्यांनी या भिंतीवर एक ओळ छापली नव्हती. घाई कशाला, म्हणायच्या. मग काचबिंदूनं गाठलं. त्या श्रावणात त्यांना उजेड कळायचा, माणसाचा आकार कळायचा, बाकी काही नाही. भिंत वाचायला मी होतो. तिसरं वर्ष वाचायला.

मी चार नंबरपाशी नाक लावून बघितलं. फटीत तरी काही असेल म्हणून नखानं उकरलं. नखात पांढरी पावडर आली.

"चौगुले!" वरून हाक आली. "येऊ का?"

सांगायचं होतं. देवाशपथ सांगायचं होतं. मी तीन-तीन पायऱ्या चढत वर गेलो, तोंड उघडलं, आणि बाई म्हणाल्या, "काही बोलू नकोस. खाली बसल्यावर एक नंबरपासून वाच. मला एकदम चार नंबर ऐकायचा नाहीये. चोरून गोड खाल्ल्यासारखं होईल." आणि हसल्या. निवृत्तीच्या समारंभातसुद्धा त्या अशा हसल्या नव्हत्या. माझं उघडलेलं तोंड मी मिटलं.

त्यांनी चपला काढल्या.

"बाई, चपला असू द्यात."

"इथं मी चपला घालून कधी उतरलेय?" त्यांनी माझा दंड धरला आणि पहिल्या पायरीवर पाऊल टेकलं. थांबल्या.

"काय झालं?"

"काही नाही. गार आहे."

मग एकेक पायरी सावकाश उतरल्या. मला मूर्खाला हायसं वाटलं, की चला, पाय तरी घसरला नाही. पाण्यापासून तिसऱ्या पायरीवर त्यांची नेहमीची जागा. तिथं त्या बसल्या. हौसाक्का शेजारी हात बांधून उभी राहिली, सुगरणीनं पहिला घास घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं तशी.

"वाच," बाई म्हणाल्या.

मी पट्टी कोऱ्या दगडाला लावली.

"एक नंबर. रिक्सियाची खालची कड अठरा, वरची सत्तावीस."

"मागच्या वर्षी?"

"सतरा आणि सव्वीस."

"हं. पुढं."

दुसरा वाचला, तिसरा वाचला. मागच्या वर्षीचे आकडे पाठ होते, त्यात कुठे एक मिळवला, कुठे अर्धा वजा केला. फार सोपं असतं ते.

"बाई," हौसाक्का मध्येच म्हणाली, "तुमी तीस वर्सं ह्या भितीत बगताय तरी काय? तात्या कवा सांगायचं न्हाईत. इचारलं की, कॉलेजचं हाय, गप बस."

मी म्हटलं, आता झालं. पण बाई तिच्या आवाजाकडे वळल्या आणि पायरीवर हात थोपटून म्हणाल्या, "बस इथं, हौसा. सांगते. एके काळी जमिनीवर झाड नव्हतं. गवताची काडी नव्हती. नुसता दगड आणि ऊन. जे काय हिरवं होतं ते पाण्यात. शेवाळ. पाण्यात त्याला कसली ददात? अंग ओलं, खाणं पाण्यातनं, वाळायची भीती नाही, उभं राहायचं तर पाणीच धरून ठेवतंय."

"मग वर कशाला आलं मरायला?"

"पाणी आटायचं ना. डबकी वाळायची. वाळून मरताना जे चार दिवस तग धरेल, ते टिकलं. असं लाखो वर्षं चाललं, मरत मरत. मग कुणाच्या अंगावर मेणासारखा थर आला, आतलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. थर आला तर श्वास कोंडला, म्हणून पुढं भोकं आली. मुळं नव्हती, तेव्हा बुरशीशी सोयरीक केली; तिनं दगडातलं मीठ आणून द्यायचं, यांनी तिला साखर द्यायची. पोरंबाळं वाऱ्यावर सोडायची तर ती वाळू नयेत म्हणून टणक कवचात घालून सोडली. सगळं जमवलं बघ. पण यांच्यात नराचं बीज मादीकडे जायचं तर आजही पोहत जातं. पाण्याचा एक थेंब लागतोच."

"म्हंजे सासरी आल्या, पर म्हायेर सुटलं न्हाई."

बाई मोठ्यानं हसल्या. "हे मी तीस वर्षं शिकवतेय आणि मला सुचलं नाही! या भिंतीवर ते सगळं आहे, हौसा. खाली म्हायेर आणि वर सासर. पाण्याबाहेर किती बोटं वर सरकतात, तेवढंच मी दर वर्षी बघते. आणि चार नंबरला एक पोरगी आहे, ती एकटीच कोरड्यावर जाऊन राहिलीय. दोन वर्षं झाली. तिच्यासाठी आलेय मी आज."

एवढी तोंडाळ हौसाक्का, पण गप्प झाली. मला वाटलं, कंटाळली असेल.

"चौगुले, चार नंबर."

गोमुखाची धार पडत होती. मी पट्टी लावली. काय लावली? दगडाला दगड.

"आहे," मी म्हणालो.

"शिंगं?"

"आहेत."

"किती?"

"अकरा."

बाई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अकरा. पाच, आठ, अकरा." त्यांचा हात पुढे झाला, भिंतीच्या दिशेनं, आणि अर्ध्यातच थांबून मागे आला. "बरं. पुढचे वाच."

मी पुढचे तीनही वाचले. वहीत काहीच लिहीत नव्हतो, नुसता पेन हलवत होतो. संपल्यावर घाम पुसला. सुटलो, असं वाटलं. आज सांगायला लाज वाटते, पण तसंच वाटलं.

तेवढ्यात हौसाक्का म्हणाली, "बाई." आवाज खोल गेलेला. "फुडच्या वर्साला बी आसंच घासू?"

मी वही मिटली. बाईंनी मात्र तिच्याकडे हात पसरला. "हात दे बघू तुझा." तिचा पंजा दोन्ही हातांत घेऊन त्यांनी बोटानं बोट चाचपलं. टीसीएलनं कातडं सोललं होतं, पेरांवर चिरा पडल्या होत्या.

"किती फुटलेत गं हात. खोबरेल लाव घरी गेल्यावर." मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नको घासू. आमचं इथलं एक काम संपलं. आता तू भिंत कोरी करून दिलीयस, तर दुसरं सुरू करू. कोऱ्या दगडावर पहिलं कोण येतं, मग कोण येतं, ते बघायचं. मी आता येणार नाही. हे चौगुले येतील वर्षातनं एकदा. रोज पाण्याला येणारी तूच, तेव्हा बघायचं तू. आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. तात्यांसारखं ओरडायचं."

कोरी, म्हणाल्या त्या. कोरी. भर सभेत कुणीतरी कानाखाली वाजवावी तसं मला झालं. हौसाक्कानं "व्हय" एवढंच म्हटलं आणि बाईंच्या चपला आणायला वर गेली.

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या. घाट उतरला. शेवटी मला राहवलं नाही.

"तुम्हाला केव्हा कळलं, बाई?"

"पहिल्या पायरीवर. तीस वर्षं मी त्या पायरीवर अंगठे रोवून उतरतेय. आज पाऊल उंबऱ्यावर टेकावं तसं टेकलं. आणि टीसीएलचा वास काय लपतोय?"

"मग मला थांबवलं का नाहीत?"

"ती उभी होती ना शेजारी. सात बायका चार दिवस खपल्या माझ्यासाठी, मी पडू नये म्हणून. त्यांच्या तोंडावर काय सांगू, तुम्ही माझं आयुष्य घासून टाकलंत म्हणून?"

"चूक माझी आहे. मी आधी यायला हवं होतं. नुसतं कार्ड टाकलं."

"हो, तुझीच आहे," बाई म्हणाल्या. "नाही कशाला म्हणू?"

बस एका थांब्यावर रेंगाळली, माणसं चढली-उतरली. बस सुटल्यावर त्या पुन्हा बोलल्या, तोंड खिडकीकडेच ठेवून.

"खरं सांगू? तू अकरा म्हणालास ना, तेव्हा क्षणभर मला वाटलं, असू दे अकरा. वहीत तुझं अक्षर, खाली माझी सही. कोण येतंय बघायला? भिंतीला हात लावला असता तर नक्की कळलं असतं, म्हणून हात मागे घेतला मी. तीस वर्षं पोरांना सांगितलं, दिसेल ते लिहा, आणि स्वतःच्या वेळेला हात मागे घेतला. तुझ्यापेक्षा मला माझीच जास्त लाज वाटली, चौगुले."

"सगळंच काही वाया गेलं नाही, बाई. एकोणतीस वर्षांचे आकडे आहेत..."

"समजूत घालू नकोस. आकडे कुणाच्या तरी उपयोगी पडतील. चार नंबर गेला. मला तो हवा होता." त्यांनी काचेला डोकं टेकलं. "दमले रे मी. वही काढ."

मी वही काढली. बस हलत होती, अक्षर वेडंवाकडं येत होतं.

"तारीख घाल. लिही, भिंत घासलेली. चार नंबर, माहीत नाही."

"शून्य लिहू?"

"शून्य नाही!" त्या ताडकन सरळ बसल्या. "शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं. आपल्याला बघायलाच मिळालं नाही. घासायच्या आधी ती तिथं होती की नव्हती, तुला माहीत आहे?"

"नाही."

"मग तसं लिही. माहीत नाही."

मी लिहिलं. त्याखाली त्यांनी चाचपडत सही केली. तीस वर्षांतली ती एकच सही ओळ सोडून वर चढलेली आहे.

पुढच्या श्रावणात मी एकटा गेलो. खरं तर जायचं मनात नव्हतं, पण हौसाक्काचं कार्ड आलं होतं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं: "पायथ्याला हिरवी साय धरली आहे. या." ती साय मी बघितली, मोजली, आणि तसाच बाईंकडे गेलो. तोवर त्यांना उजेडही दिसेनासा झाला होता. साय म्हटल्यावर त्या अंथरुणात उठून बसल्या.

"साय? हा कुणाचा शब्द?"

"हौसाक्काचा."

"वहीत सायच लिही."

त्याच पौषात बाई गेल्या. त्यांचा निबंध कधीच झाला नाही.

मी जात राहिलो. भक्तीनं वगैरे नाही. कंटाळत, कुरकुरत, गुडघ्याला पट्टा बांधून जात राहिलो, कारण न जाऊन एकदा काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. तिसऱ्या वर्षी सायीवर रिक्सियाची पहिली चकती आली. सातव्या वर्षी मॉस. पंधराव्या वर्षी फटीत नेचा. दर वेळी आधी हौसाक्काला दिसायचं, मग मला. चार नंबर कोराच राहिला. आणि एवढ्या वर्षांत त्या दिवसाविषयी मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. बाईंनी तिला जपलं होतं, ते मी कशाला मोडू?

यंदा मीही निवृत्त झालो. ही माझी शेवटची खेप. माझ्या जागेवर कुणी नेमलेलं नाही, विभागात पोरंच येत नाहीत. हौसाक्का आता पासष्टीला आली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून जाड चष्मा लावते. बाईंच्या पायरीवर बसली होती. मला वाटलं, आता सांगून टाकावं. हिच्याशिवाय आता ऐकणारं आहे कोण?

"हौसाक्का, एक सांगायचं राहिलंय. तुम्ही ती भिंत घासली होती बघा, बाई शेवटच्या आल्या तेव्हा. त्यात बाईंचं..."

"ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"ह्येच की. बाईंचं समदं घासून टाकलं आमी."

"कधी कळलं?"

"त्याच दिशी. बाई सांगत हुत्या, पान्यातनं कसं कसं वर आलं, कोन कुटं ऱ्हातंय. म्हटलं, आगं बया, ह्येच घासलं की आपुन! आन् तुमी खुशाल कोऱ्या भितीवर शिंगं मोजाय लागला. अकरा! आवं, आंधळ्या बाई हुत्या. मी काय आंधळी हुतो व्हय?"

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. चोवीस वर्षं मी समजत होतो, की त्या दिवशी माझं खोटं ऐकायला एकच बाई होती, आणि तिला दिसत नव्हतं. तिच्या शेजारी दोन धड डोळ्यांची दुसरी बाई हात बांधून उभी होती, आणि तिला दिसतंय, तिला कळतंय, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीत तेव्हाच?"

"काय बोलू? बाईस्नी सुकानं घरला जाऊ द्यावं म्हणून तुमी लबाड बोलताय, आसं वाटलं. तुमच्या मधी कशाला तोंड घालू? पर जीव ऱ्हाईना. म्हणून मुद्दाम इचारलं, फुडच्या वर्साला घासू का म्हणून. म्हटलं, कळू दे बाईस्नी. शिव्या घालू देत, चपलीनं मारू देत. तर माझाच हात धरून म्हणाल्या, खोबरेल लाव." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "तुमची गाडी गेल्यावर हितंच बसून रडलो मी. तवापास्नं ह्या भितीला वाऱ्याबिगर कुनाचा हात लागू दिल्याला न्हाई."

गोमुखाची धार पडत होती. मी नाक शिंकरलं. हौसाक्कानं मला थोडा वेळ दिला आणि मग तिचा नेहमीचा फटकळ आवाज लागला.

"उटा आता. एस्टी चुकंल. वाचा."

मी पट्टी लावली. एक नंबर वाचला, दुसरा, तिसरा. प्रत्येक आकड्याला ती पुढे वाकून, चष्मा वर करून, पट्टीवरच्या रेघा स्वतः बघत होती.

"चार नंबर?" तिनं विचारलं.

मी गुडघे टेकले, दगडाशी डोळा नेला, फट बघितली, कड बघितली, पुन्हा एकदा सगळं बघितलं.

"शून्य," मी म्हणालो.

"नीट बगितलासा न्हवं?"

"बघितलं."

"मग लिवा," हौसाक्का म्हणाली, आणि मी लिहिलं.